पाचवी खुर्ची आणि तिसरं मागणं

कारागांदा,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

आदरणीय बैसेनबाय मामा यांस, तुमच्या थोरल्या बहिणीचा धाकटा मुलगा सापारगाली याचा हात छातीवर ठेवून सलाम.

जनावरं सुखरूप ना? जीव सुखरूप ना? (आधी जनावरं, मग जीव, क्रम बरोबर आहे. मागच्या खेपेला मी आधी मामींची तब्येत विचारली, तर शहरात राहून भाच्याचं डोकं फिरलं असा निरोप तुम्ही चार गावांतून फिरवलात.) पांढऱ्या कपाळाच्या घोडीच्या पायाची सूज उतरली का? ती अजून तुमच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, की तुमच्यावरही रुसली? गेल्या वर्षी तिने मला पाहून कान पाडले आणि माझी टोपी चावली, ती टोपी मी जपून ठेवली आहे. मेंढ्या किती, कुत्रे किती, आणि मामींचे गुडघे कसे आहेत? तुम्ही घोड्याच्या बरगडीचं मांस आतड्यात भरून धाडलेली काझी आम्ही फेब्रुवारीपर्यंत पुरवून खाल्ली आणि मार्चमध्ये तिच्या आठवणी काढल्या. आम्ही इकडे ठीक. तुमच्या भाचेसुनेचा, कुल्याशचा, रक्तदाब ठीक, माझे दात ठीक, म्हणजे जे आहेत ते.

हे सगळं मी फोनवरही विचारलं असतं. पण फोनला रेंज मिळावी म्हणून तुम्ही टेकडी चढता, चढून दम लागतो, मग "आहेस ना रे? बरं" एवढंच बोलून उतरता. म्हणून पत्र लिहितो आहे आणि ते एका भरवशाच्या माणसाच्या हाती धाडतो आहे. त्याला आधी चहा द्या, मग पत्र वाचा. माणूस बुजरा आहे, दुसरा वाडगा मागणार नाही, तुम्हीच भरा.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षीच्या जुलैत तुमच्या अंगणात, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा, तिसरा वाडगा हातात असताना, मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की पुढच्या सप्टेंबरात मला त्रेसष्ट पूर्ण झाली आणि पेन्शन लागली की मी आणि कुल्याश कायमचे तुमच्याकडे येऊ, घोड्या सांभाळू, तुम्ही बसून हुकूम सोडा. तुम्ही तळहात वर करून आशीर्वाद दिलात, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, म्हणजे शब्दावर शिक्का बसला. यंदाच्या उन्हाळ्यात तुम्ही अंगणापलीकडची खोली लिंपलीत, नवी शेगडी बसवलीत, कुल्याशसाठी खिडकी मोठी केलीत (एक्याऐंशीव्या वर्षी, शिडीवर चढून, मामींनी कळवलं). सप्टेंबर आला आणि गेला, आणि मी आलो नाही. मामा, मला येता येणार नाही. तीन वर्षं तरी नाही. चाबूक खाली ठेवा आणि शेवटपर्यंत वाचा, कारण यात दोष माझा नाही, एका सरकारी कागदाचा आहे. (आणि हे माझं तिसरं मागणं नव्हे, ते आधीच सांगून टाकतो. सातव्या वर्षी मी ठिपक्यांचं शिंगरू मागितलं, तेविसाव्या वर्षी साइडकारची मोटरसायकल, आणि भाच्याच्या तीन मागण्यांना मामाला नाही म्हणता येत नाही म्हणून तुम्ही दोन्ही दिलंत. मोटरसायकल देताना तुमचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं. तिसरं मागणं चाळीस वर्षं शिल्लक आहे, आणि "अजून एक राहिलंय रे लेका, माझ्या सोन्याच्या दातांवर डोळा ठेवू नकोस" हे तुम्ही दर नवरोजला सगळ्यांदेखत ऐकवता. तर दात सुरक्षित आहेत.)

आमचा कारखाना तुम्ही पाहिला आहे. खाणीतलं पाणी उपसणारे पंप आम्ही करतो, आणि चांगले करतो. पण हल्ली खाणवाले नुसत्या चांगल्यावर खूश होत नाहीत. ते म्हणतात, तुमचा पंप चांगला आहे हे आम्हाला माहीत आहे, का चांगला आहे ते कागदावर दाखवा. परदेशी कंपन्या संगणकावर रंगीत चित्रं दाखवतात, पाणी कुठून कसं वळतं, दाब कुठे किती, सगळं. आम्ही काय दाखवणार? माझी तेलकट वही? दोन मोठी कामं अशीच हातची गेली. तेव्हा आमच्या रौशानने (ही आमची सगळ्यात हुशार इंजिनिअर, वय अठ्ठावीस, डायरेक्टरशी तशीच बोलते जसे तुम्ही गुरांच्या डॉक्टरशी बोलता) एक सरकारी निधी शोधून काढला. कारखान्यांनी आपल्या इंजिनिअरांना नवं शिकवावं म्हणून हा निधी बहुतेक खर्च देतो. रौशानने चाळीस पानी अर्ज लिहिला, मे महिन्यात उत्तर आलं. आधी पाच जणांना तीन आठवड्यांचं शिक्षण, आणि पाचही जण परीक्षेत पास झाले तर पुढे बारा जणांची मोठी तुकडी. एक जरी नापास झाला तर तुकडीही गेली आणि आधीचे पैसेही परत.

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? जे तरुण आहेत, ज्यांचा हात संगणकावर चालतो, असे पाच पाठवील. पण आमचा डायरेक्टर मार्लेन हा भला माणूस आहे, आणि भल्या माणसाला एकच भीती असते, कुणी मोठं माणूस नाराज होईल ही. त्याने पत्रात "पाच खुर्च्या" एवढंच वाचलं असावं. सरकार खुर्ची देतंय, सरकार मान देतंय, म्हणजे ती वयानुसारच द्यायला हवी, पंगतीत मेंढीचं डोकं ज्या क्रमाने फिरतं त्या क्रमाने! दुसऱ्या दिवशी खाणावळीच्या दाराशी यादी लागली. पहिला किदिराली, वय सदुसष्ट, एका कानाने बहिरा. दुसरा विक्टर, पासष्ट, जो गेली तीस वर्षं "पुढच्या वर्षी मुलीकडे जर्मनीला जाणार" म्हणतो आहे. तिसरा आणि चौथा भट्टीकडचे दोघे, चौसष्ट-चौसष्ट (त्यांची नावं सांगत नाही, कारण या पत्रात ते काहीच बोलणार नाहीत). पाचवा येसेन, त्रेसष्ट. मी बासष्टचा, म्हणजे सहावा, म्हणजे सुटलेला. पण चारच दिवसांत बिचाऱ्या येसेनची पाठ धरली, त्याने माघार घेतली, आणि पाचवी खुर्ची सरकत सरकत माझ्या बुडाखाली आली. मी काय करणार?

रौशान यादी वाचून थेट मार्लेनच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, आणि नसतं तरी ऐकू आलं असतं.

"साहेब, ही ट्रेनिंगची यादी आहे की लग्नाच्या पंगतीची?"

"पोरी, थोरल्या किदिरालींना डावलून तुला पाठवलं तर उद्या बाजारात तोंड कुठे दाखवू मी?"

"तोंड दाखवायला कारखाना तर उरू दे! त्यांना संगणक चालू करता येत नाही."

"मग शिकतील की. शिकायलाच तर पाठवतोय."

बोलण्यासारखं होतं ते रौशानने दार आपटून सांगितलं.

जूनमध्ये सह्या झाल्या. आणि सह्या झाल्यावर तीन महिन्यांनी, सप्टेंबरात, पहिल्या दिवशी वर्गात जाताना गाडीत, विक्टरला अर्जाचं शेवटचं पान वाचायची बुद्धी झाली. त्यात लिहिलं होतं की सरकारी पैशाने शिकलेल्या इंजिनिअरने पुढची तीन वर्षं त्याच कारखान्यात काम केलंच पाहिजे, तो मध्येच सोडून गेला तर सगळे पैसे परत. किदिरालीने चांगला कान पुढे करून ते वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "म्हणजे तीन वर्षं मरायचीही परवानगी नाही?" विक्टरने चष्मा पुसला आणि म्हणाला की मुलीला कळवायला हवं, सरकारच सोडत नाही. (तीस वर्षांत इतका खूश दिसला नव्हता.) भट्टीकडचे दोघे काही बोलले नाहीत. आणि मी, मामा, मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर तुमची लिंपलेली खोली आली. घरी येऊन कुल्याशला सांगितलं, तीन वर्षं अडकलो. ती "अरेरे" म्हणाली आणि त्याच संध्याकाळी जाऊन पडद्यांचे नवे दांडे घेऊन आली.

वर्गाचं काय सांगू. शिकवणारा विताली नावाचा सत्तावीस वर्षांचा पोरगेला माणूस, अल्माटीहून आलेला. तो आत आला तेव्हा किदिरालीला वाटलं, चहाची व्यवस्था बघणारा असेल, आणि त्याने पाच चहा सांगितले. विताली मुकाट्याने गेला, चहा घेऊन आला, आणि मग फळ्यापाशी उभा राहून आपली ओळख करून दिली. आम्ही मेल्याहून मेल्यासारखे झालो. पण पायंडा पडला तो पडलाच, पुढचे तीन आठवडे चहा आणि विद्या दोन्ही त्याच्याकडेच राहिली.

मग त्याने पहिला प्रश्न विचारला. पंपाच्या तोंडाशी दाब फार कमी झाला तर काय होतं? मामा, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारा. थंड पाणीही आतल्या आत उकळतं, बुडबुडे होतात, ते फुटतात, पंपात खडे भरल्यासारखा आवाज येतो, आणि आतला फिरता पंखा, ज्याला इम्पेलर म्हणतात, तो उंदरांनी कुरतडल्यासारखा होतो. पाचही जणांना माहीत होतं. पण किदिराली बसलेला असताना आधी तोंड कोण उघडणार? आम्ही चौघे त्याच्याकडे पाहत बसलो. आणि किदिरालीला प्रश्न ऐकूच गेला नव्हता (वितालीने बहिऱ्या कानाच्या बाजूने विचारला होता), पण पुन्हा विचार म्हणणं त्याच्या वयाला शोभलं नसतं, म्हणून तो दाढी कुरवाळत मान डोलवत राहिला. चार मिनिटं गेली. वितालीने वहीत काहीतरी टिपलं. दुसरा प्रश्न, पुन्हा चार मिनिटं. असे पाच दिवस. शुक्रवारी त्याने निधीच्या कार्यालयाला अहवाल धाडला की प्रशिक्षणार्थी अत्यंत सभ्य आहेत, परंतु त्यांना पंप म्हणजे काय हे माहीत असल्याचं चिन्ह दिसत नाही. किदिरालीच्या हातून आजवर दोन हजार पंप गेले असतील!

शनिवारी रौशान घरी आली. कोटही न काढता दारातच उभी.

"सापारगाली आगा, आम्हा बारा जणांचं सगळं तुम्हा पाच जणांच्या निकालावर टांगलंय. तुम्ही तिथे बसून करता तरी काय?"

मी म्हटलं, "मान राखतो."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

"मग नापासही सगळे मिळून व्हाल, मानाने," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही पोरगी रडताना मी कधी पाहिली नव्हती. कुल्याशने तिला ओढून आत नेलं, चहा दिला, आणि स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं पाहिलं की मी बाल्कनीत जाऊन उगाच स्क्रू आवळत बसलो.

रविवारी सून-मुलगा जेवायला आले होते. परातीतून वाफ येत होती, नातवंडांचे हात शिवशिवत होते, आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी तळहात वर केले, आशीर्वाद दिला, आमीन झालं, आणि एका क्षणात परातीवर अशी झडप पडली की मला हाड मिळालं. आणि मी हाड हातात धरून तसाच बसलो. उत्तर समोरच होतं! वर्गाला आशीर्वादच मिळालेला नाही, मग कोण जेवणार? सोमवारी सकाळी मी किदिरालीला चांगल्या कानात सगळं समजावलं. तो गंभीर झाला, म्हणाला, चूक झाली खरी, आणि उभा राहिला. तळहात वर केले. "या संगणकांची वीज न जावो. आकडे जुळोत. या पोराच्या आईबापांना दीर्घायुष्य लाभो. ज्याला येतं त्याचं तोंड उघडो, ज्याला येत नाही त्याचं मिटलेलं राहो. आमीन!" वितालीनेही हात वर केले होते, त्यानेही चेहऱ्यावरून फिरवले, आणि मग नेहमीसारखा घाबरत घाबरत प्रश्न विचारला. मामा, छप्पर उडालं! तिघे एकदम बोललो. विक्टर उठून फळ्यापर्यंत गेला आणि वितालीच्या हातातला खडू काढून घेतला. किदिरालीने, प्रश्न न ऐकताच, अचूक उत्तर दिलं, कारण एवढ्या वर्षांत प्रश्न तेच असतात. भट्टीकडचे दोघे बोलले नाहीत, पण दोघांनी कागदावर उत्तर लिहून पुढे सरकवलं. त्यानंतर रोज आशीर्वाद झाल्याशिवाय वितालीच वर्ग सुरू करेनासा झाला.

संगणकाने मात्र नाकी नऊ आणले. विक्टर माउस हातोड्यासारखा धरायचा, दोन मोडले. मी काढलेला पहिला पंप खाणीतून पाणी उपसून पुन्हा त्याच खाणीत सोडत होता; सगळे आकडे बरोबर, फक्त पाणी बाहेर काढायचं राहिलं होतं. आणि आश्चर्य म्हणजे किदिराली! पडद्याला ऐकू येण्याशी काही देणंघेणं नाही. तो नाक पडद्याला लावून बसायचा आणि जेवायला उठायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात विताली त्याला विचारून पुढे जायला लागला.

परीक्षेत प्रत्येकाला एक आजारी पंप दिला होता, तो संगणकावर बरा करून दाखवायचा. मी माझा कागद उलटला आणि गार पडलो. तो आमचाच जुना पंप होता. अडतीस वर्षांपूर्वी हाच पंप एका बुडत्या खाणीत दर अकरा दिवसांनी इम्पेलर खायचा. मी पंचवीस वर्षांचा होतो. एक दिवस वैतागून मी कानस घेतली आणि पाणी जिथून आत शिरतं तिथल्या पात्यांच्या कडा घासून पातळ केल्या. का, ते मलाही माहीत नव्हतं, हाताला तसं वाटलं. तो पंप चार वर्षं चालला. तेव्हाच्या मुख्य इंजिनिअरने कारखान्याच्या मालाची नासधूस केली म्हणून मला झापलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बाकीच्या सगळ्या कडा घासायला सांगितल्या. आजवर आम्ही त्या घासतो. माझ्या वहीत त्या दिवशीचे दोनच शब्द आहेत, "घासलं. चाललं." परीक्षेत मी आधी जाड कडेचं पातं काढलं, तर कडेपाशी लाल डाग उमटला, म्हणजे तिथे दाब इतका कमी की पाणी उकळणारच. मग मी माझ्या कानशीने घासलेली कड काढली, जशी हाताला आठवत होती तशी. लाल डाग ओसरला. पूर्ण गेला. मी पडद्याकडे पाहत बसलो. विताली जवळ येऊन म्हणाला, "काका, काही अडलं का?" मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. (खिडक्या बंद होत्या.)

गेल्या आठवड्यात निकाल लागला. पाचही पास! जीव भांड्यात पडला, मामा. किदिराली पहिला आला आणि त्याने प्रमाणपत्र घडी करून टोपीत ठेवलं. मला शंभरात एकाहत्तर. भट्टीकडच्या दोघांपैकी एक हसला असं म्हणतात, मी पाहिलं नाही. बारा जणांची तुकडी मंजूर झाली, रौशानचं नाव सगळ्यांत वर, आणि तिने फाटकातच आमच्यावर मूठमूठ मिठाईच्या गोळ्या उधळल्या. एक गोळी विक्टरच्या चष्म्यावर बसली आणि काचेला तडा गेला, तरी तो हसत होता. मार्लेनने भाषण केलं की याद्या वयानुसार लावण्याचा त्याचा निर्णय किती दूरदृष्टीचा होता. मला वाटत होतं, आता कुणी मला फुंकर मारली तर मी उडेन, इतकं हलकं वाटत होतं.

तर असं आहे. आता मी तीन वर्षं बांधला गेलो. मी सोडलं तर पैसे परत, बारा पोरांच्या तोंडचा घास गेला. सरकारी शिक्का आहे, त्यापुढे माझं काय चालणार? माझं मन तुमच्या अंगणातच आहे, पण हात इथे अडकले आहेत. मामींना सलाम, जनावरांना सलाम, पांढऱ्या कपाळाच्या घोडीला लांबूनच सलाम. तुमची सावली आमच्यावर राहो.

तुमचा भाचा,
सापारगाली

ता. क. नवी शेगडी काढू नका. खिडकीही बुजवू नका.

ता. क. कुल्याशने पत्र वाचलं. वाचून तिने ते माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मामांना फसवायचं असेल तर टपालाने तरी पाठव, त्या माणसाच्या हाती नको." म्हणून लिहितो. येसेनची पाठ धरली नव्हती. मी वर्तमानपत्र जसं मागून वाचतो तसे अर्जही मागून वाचतो, हे तुम्हाला माहीत आहे. यादी लागली त्याच दिवशी मी ते शेवटचं पान वाचलं होतं. तीन वर्षं बांधून घेतात हे मीच येसेनला जाऊन सांगितलं, आणि तो घाबरला, कारण त्याला एकच ओढ होती, पेन्शन घेऊन माळावर जायचं. त्याने नाव काढलं. मी त्याच्या खुर्चीवर बसलो. कुणी ढकललं नाही. तुम्ही शिडीवर चढून खिडकी मोठी करत होतात तेव्हा मी सही करून महिना झाला होता. याची मला फार लाज वाटते, आणि ती वाटावीच.

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मामा, मी घोड्यांचा माणूस नाही. सात वर्षांचा असताना शिंगरू मागितलं ते इतर पोरांकडे होतं म्हणून, आणि ते मला दोनदा पाडून तुमच्याकडेच परत आलं. जुलैत मी शब्द दिला तेव्हा तुम्ही एकटे दमलेले दिसत होतात, आणि कुमिस आंबट होतं, आणि मला तुमची माया आली. ती माया खरी होती. शब्द खोटा निघाला. अडतीस वर्षं मला "चाललं" एवढंच माहीत होतं. का चाललं, ते मला त्या दिवशी कळलं, आणि वहीत अशी अजून दोनशे पानं आहेत ज्यांचं "का" मला माहीत नाही. रौशान म्हणते, आगा, एकेक पान आणा, आपण काढू. मला ते काढायचं आहे. म्हणून, वर जे खोटं लिहिलं ते मागे घेतो. हे माझं तिसरं मागणं आहे. शिंगरू नको, गाडी नको. माझा शब्द मला परत द्या. भाच्याला नाही म्हणता येत नाही.

शेवटचा ता. क. हे पत्र घेऊन आलेला माणूस येसेन आहे. यात काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही; त्याला वाटतं, पत्र द्यायचं आणि घोड्या बघून परत यायचं. तो घोडेवाल्यांच्या घरात वाढला, बायको जाऊन दोन वर्षं झाली, आणि सप्टेंबरात पेन्शन घेतल्यापासून रोज सकाळी पाळीच्या वेळेला कारखान्याच्या बसथांब्यावर येऊन बसतो, बसमध्ये चढत नाही. मामा, एवढं वाचून होईपर्यंत त्याचा चहा तसाच राहिला असेल आणि तो उठून बाहेर गेला असेल. जरा नव्या खिडकीपाशी जा. पांढऱ्या कपाळाच्या घोडीने त्याला जवळ येऊ दिलं असेल, तर सप्टेंबरात यायचा होता तो माणूस आला असं समजा, आणि त्याचा चहा गरम करा.